मराठी टंकलेखन: सोय किती घ्यावी, आतले किती समजून घ्यावे

मराठीत लिहिण्यासाठी आज कळफलक पाठ करावाच लागतो असे राहिलेले नाही. फोनसमोर बोलले की वाक्य उमटते, आणि रोमन अक्षरांत शब्द टंकला की त्याचे देवनागरी रूप समोर येते. ही सोय मोठी आहे. तिच्यामुळे ज्यांनी संगणकावर मराठीचे एक अक्षरही लिहिले नसते अशी कितीतरी माणसे आज रोज मराठीत लिहीत आहेत, आणि त्यांनी आधी तांत्रिक धडे गिरवावेत असा आग्रह धरणे मला अन्यायाचे वाटते. अडचण येते ती पुढे. तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रोग्राममध्ये किंवा दहा वर्षांनी उघडला की कुठे चौकटी दिसतात, कुठे प्रश्नचिन्हे दिसतात, आणि कुठे सगळे नीट दिसत असूनही शोधलेला शब्द सापडत नाही.

मग आतले किती शिकावे? मी स्वतःसाठी एक मर्यादा ठरवली आहे, आणि अनेकांना शिकवताना ती उपयोगी पडली आहे. जी चूक पडद्यावर दिसते तिच्यासाठी सोयीवर निश्चिंत विसंबावे, कारण डोळे ती पकडतात. जी चूक दिसतच नाही, तिच्यापुरते आतले समजून घ्यावे. या मर्यादेत राहिल्यास शिकायचा भाग फार थोडा उरतो. एका दुपारी तो समजतो.

आधी एवढे समजून घ्यावे

संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, तो क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक प्रमाणात प्रत्येक वर्णाला एक कायमचा क्रमांक दिलेला आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणाच्या १९८८ मधील रूपावर आधारलेली होती. ‘अ’ चा क्रमांक ०९०५, ‘र’ चा ०९३० आणि ‘ळ’ चा ०९३३ आहे. त्या क्रमांकाला आकार देण्याचे काम फाँट करतो. म्हणून फाँट बदलला तर अक्षराचे वळण बदलते, मजकूर बदलत नाही.

काना, मात्रा आणि वेलांट्या यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. व्यंजनाचा पाय मोडणाऱ्या चिन्हाला, म्हणजे ‘्’ या हलन्त चिन्हालाही, आपला क्रमांक आहे. मात्र जोडाक्षरांना तो नाही. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर असले तरी आत ते स, ्, त, ्, र, ी असे सहा वर्ण एकापुढे एक साठवलेले असतात, आणि ते एकत्र दाखवायचे हे फाँट व प्रोग्राम मिळून ठरवतात. दुसरी गोष्ट क्रमाची. ‘कि’ लिहिताना आपला हात आधी वेलांटी काढतो, पण साठवणीत उच्चाराप्रमाणे आधी क आणि मग ि येते. मागे खोडण्याची कळ दाबली की बहुतेक ठिकाणी पूर्ण जोडाक्षर न जाता त्याचा शेवटचा वर्ण तेवढा जातो, त्याचे कारण हेच. ‘स्त्री’ची वेलांटी चुकली असेल तर सबंध अक्षर पुसायची गरज नाही, एकदा खोडावे आणि हवी ती वेलांटी द्यावी.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘ऱ’ हे अक्षर टंकावे आणि लगेच ऑल्ट कळ धरून एक्स दाबावे. अक्षराच्या जागी ०९३१ हा क्रमांक येतो, आणि पुन्हा तसेच केले की अक्षर परत येते. क्रमांक आणि आकार यांचे नाते समजावण्यासाठी याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही.

कळफलकाची निवड

प्रासंगिक लेखन करणाऱ्याने लिप्यंतर, म्हणजे रोमन अक्षरांत टंकून देवनागरी मिळवण्याची सोय, वापरावे किंवा बोलून लिहावे. त्यात कमीपणा नाही, कारण शेवटी साठवले जाते ते युनिकोडच. बोलून लिहिताना एवढे तपासावे की आवाज फोनमध्येच ओळखला जातो की कंपनीच्या संगणकाकडे पाठवला जातो. विमान मोड लावून, वाय-फायही बंद असल्याचे पाहून, बोलून पाहावे. तरीही लिहिले जात असेल तर ओळखण्याचे काम फोनमध्ये चालले आहे. लिहिले जात नसेल तर आवाज बाहेर जातो असे समजून खासगी मजकूर बोलून लिहू नये.

रोज पानभर किंवा अधिक लिहिणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्ट शिकावे असे माझे स्पष्ट मत आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात प्रमाणित झालेला हा कळफलक आजही विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड या सर्वांवर मिळतो. त्याची मांडणी वर्णमालेच्या तर्काने चालते. डाव्या हाताकडे स्वर असतात आणि उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. इंग्रजी के च्या कळीवर क आहे, आणि तीच कळ शिफ्टसह दाबली की ख मिळतो. आयवर ग आणि घ, एचवर प आणि फ, ओवर द आणि ध. डाव्या हाताखालच्या एफ कळीवर ि आहे आणि शिफ्टसह इ. म्हणजे निम्म्या कळा लक्षात राहिल्या की उरलेल्या आपोआप कळतात. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर हात बसू लागतो.

याहून मोठा लाभ वेगळाच आहे. लिप्यंतर आपल्यासाठी अंदाज करते, तर इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येक कळ एक ठरावीक वर्ण देते, त्यामुळे फायलीत काय साठले आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. विंडोजमध्ये सेटिंग्जमधून मराठी भाषा जोडली की हा कळफलक मिळतो, आणि विंडोज कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी व मराठी यांच्यात अदलाबदल करता येते.

दिसायला एक, आत वेगळे

आता ज्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत त्यांच्याकडे येऊ. या मार्गदर्शिकेतील दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण हा भाग राहावा.

सर्वांत जास्त आढळणारी चूक विसर्गाची आहे. ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘अंतःकरण’ या शब्दांत विसर्ग हा देवनागरी वर्ण हवा, पण असंख्य ठिकाणी त्याऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह, म्हणजे इंग्रजी कोलन, टंकलेले असते. ‘स्वत:’ आणि ‘स्वतः’ छापल्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र पहिल्यात ‘स्वत’ हा शब्द संपतो आणि पुढे एक विरामचिन्ह येते. शुद्धलेखन तपासनीस त्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो, आणि शोधणाऱ्याला निम्म्या नोंदी सापडतच नाहीत. एका ग्रंथालयाची यादी तपासताना मला हे पहिल्यांदा जाणवले. ‘दुःख’ हा शब्द नावात असलेली पुस्तके शोधली तेव्हा कपाटात असलेली काही पुस्तके यादीत मिळेनात. ती यादीत होती, फक्त त्यांच्या नावात कोलन होते. इनस्क्रिप्टमध्ये वरच्या ओळीतील उणे चिन्हाची कळ शिफ्टसह दाबली की विसर्ग मिळतो. लिप्यंतर वापरणाऱ्याने पूर्ण शब्द टंकून सुचवलेल्या पर्यायांतून विसर्गाचा शब्द निवडावा, मागून कोलन लावू नये.

दुसरा घोटाळा ‘ॲ’ या अक्षराचा आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठीला हा स्वर लागतो, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेतही त्याला स्थान मिळाले. युनिकोडमध्ये मात्र त्याला स्वतंत्र क्रमांक, ०९७२, मिळाला तो २००८ साली आलेल्या ५.१ या आवृत्तीत. तोवर लिहिणाऱ्यांनी आपापल्या वाटा काढल्या होत्या. कुणी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र दिला, कुणी दोहोंच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घातले, तर कुणी हिंदीत चालणारा ‘ऍ’ वापरला. त्या काळी यांतली कोणतीही वाट चूक नव्हती, कारण सरळ वाट अस्तित्वातच नव्हती. पण सवयी टिकून राहिल्या. म्हणून आज ‘ॲप’, ‘अॅप’, ‘अ‍ॅप’ आणि ‘ऍप’ असे चार निरनिराळे शब्द संगणकांत नांदत आहेत, आणि त्यांपैकी पहिले तीन डोळ्यांना एकच वाटतात. नवे लिहिताना पहिलाच वापरावा. जुन्यात शोधताना मात्र चारही रूपे शोधावीत.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेच्या खास वळणाची आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाचे सांगायचे. पहिल्या जोडीतल्या पहिल्या शब्दात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा र. रफारासाठी नेहमीचा र, हलन्त आणि पुढचे व्यंजन असा क्रम असतो. अर्ध्या रसाठी ‘ऱ’ हा ०९३१ क्रमांकाचा वर्ण घ्यावा, त्याचा पाय मोडावा आणि पुढे य लिहावा. इनस्क्रिप्टमध्ये जे कळीवर र आहे आणि शिफ्टसह ऱ. जुन्या मजकुरात हाच आकार नेहमीचा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी साधलेला आढळतो. दिसण्यात काडीचाही फरक नसतो, पण एका रीतीने लिहिलेला ‘दऱ्या’ दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेल याची खात्री नसते. लेखनातला अर्थभेद डोळ्यांना दिसतो, साठवणीतला भेद दिसत नाही. म्हणून एकच रीत धरावी आणि ती ‘ऱ’ची असावी.

अदृश्य चिन्हांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांचे कामही पाहू. एक चिन्ह जोडते आणि दुसरे तोडते. ‘वाङ्मय’ किंवा ‘उद्घाटन’ लिहिताना काही फाँट अक्षरे एकाखाली एक रचून वाचायला अवघड जोडाक्षर करतात. तिथे हलन्तानंतर तोडणारे चिन्ह घातले की ‘वाङ्‌मय’, ‘उद्‌घाटन’ असा पाय मोडका आकार दिसतो. छपाईसाठी हे योग्यच आहे. ग्रंथयादी, शब्दकोश, मतदारांची किंवा सभासदांची नोंद अशा जिथे शोध महत्त्वाचा आहे तिथे मात्र ही चिन्हे टाळावीत, कारण काही प्रोग्राम शोधताना ती दुर्लक्षित करतात आणि काही करत नाहीत.

एका बाबतीत उलट सल्ला द्यावा लागतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे दिसतात, म्हणून अनेकजण ‘मराठी ल’ कुठे मिळेल असे विचारतात. तो वेगळा वर्ण नाही. क्रमांक एकच आहे, आकार फाँटावर अवलंबून आहे. काही फाँटांत दोन्ही वळणे असतात, आणि दस्तऐवजाची भाषा मराठी अशी नेमली की त्यातले मराठी वळण वापरले जाते. हव्या त्या वळणाचा फाँट निवडावा, मजकुराला हात लावू नये.

मजकूर बिघडलेला दिसला तर

घाबरून मजकूर पुन्हा टंकायला घेण्यापूर्वी बिघाड कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. बिघाडाचे रूपच त्याचे कारण सांगते, आणि बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो.

अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील तर क्रमांक ठीक आहेत, त्यांना आकार देणारा फाँट तेवढा नाही. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता असा कोणताही मोफत युनिकोड फाँट बसवावा.

एखाद्या मात्रेशेजारी ठिपक्यांचे वर्तुळ दिसत असेल तर ती मात्रा निराधार आहे, किंवा चिन्हांचा क्रम चुकला आहे. अनुस्वार आधी आणि वेलांटी नंतर टंकली गेली की असे होते. दोन्ही खोडून आधी वेलांटी व मग अनुस्वार द्यावा. ही चूक दिसते, म्हणून ती निरुपद्रवी आहे.

प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान इंग्रजी ए आणि त्यामागे चित्रविचित्र चिन्हे पुन्हा पुन्हा येत असतील, तर मजकूर बरोबर आहे पण चुकीच्या पद्धतीने वाचला जात आहे. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. प्रोग्रामने ते तीन बाइट म्हणजे तीन स्वतंत्र युरोपीय चिन्हे असे मानले की हा प्रकार होतो. नावांची यादी स्वल्पविरामांनी विभागलेल्या फायलीतून एक्सेलमध्ये थेट उघडताना हे फार घडते. अशी फाइल दुहेरी टिचकीने उघडू नये. एक्सेलच्या डेटा या विभागातून मजकूर फाइल आयात करावी आणि विचारल्यावर यूटीएफ-८ निवडावे. बिघडलेली फाइल तशीच जतन करू नये, एवढी काळजी घ्यावी.

सगळीकडे प्रश्नचिन्हेच असतील तर मात्र बातमी वाईट आहे. मराठी सामावून घेऊ न शकणाऱ्या पद्धतीत कुणीतरी तो मजकूर जतन केला आहे, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले गेले आहे. त्यातून मूळ मजकूर परत मिळत नाही. जुनी प्रत, ईमेलची जोडणी किंवा छापील कागद शोधावा लागतो.

उरला शेवटचा प्रकार: मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांचा दिसतो. हा जुन्या फाँटांचा वारसा आहे आणि त्याला थोडी सविस्तर जागा द्यायला हवी.

जुन्या फायलींचे काय करावे

विंडोज २००० येईपर्यंत विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय नव्हती. तरीही मराठीत पुस्तके, पत्रिका, स्मरणिका निघत होत्या, आणि त्या श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, डीव्हीटीटी-सुरेख अशा फाँटांच्या जोरावर निघत होत्या. या फाँटांनी इंग्रजी चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिले की साठतात ती ई, जे, के, मोठी बी आणि एच ही इंग्रजी अक्षरे. फाँट आहे तोवर ‘मराठी’ दिसते, फाँट गेला की तीच पाच अक्षरे उघडी पडतात. प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी, म्हणून एका फाँटातला मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. अपुऱ्या साधनांतून ज्यांनी हे उभे केले त्यांच्यामुळे दोन दशकांचे मराठी लेखन संगणकावर येऊ शकले. ते आता वाचवायचे आहे.

अशी फाइल हाती आली तर सर्वांत आधी तिची जशीच्या तशी एक प्रत वेगळी ठेवावी. मग मूळ फाँटाचे नेमके नाव शोधावे, कारण रूपांतर करणाऱ्या साधनाला ते लागते. वर्डमध्ये मजकूर निवडला की फाँटाचे नाव वरच्या पट्टीत दिसते. इंग्रजी शब्द आणि आकडे रूपांतरापूर्वी वेगळे काढावेत, नाहीतर तेही मराठी समजून बदलले जातात आणि अनाकलनीय होतात. पूर्ण पुस्तक एकदम घालू नये. दोन पाने रूपांतरित करून रफार, पहिली वेलांटी आणि क्ष, ज्ञ, श्र, द्ध, ट्ट ही जोडाक्षरे मूळ कागदाशी ताडून पाहावीत.

एवढे करूनही एक दोष राहतो आणि तो दिसत नाही. जुन्या फाँटांत काना आणि मात्रा हे वेगळे तुकडे होते. रूपांतर निष्काळजी असेल तर ‘कोण’ मधला ‘ो’ हा एक वर्ण न येता काना आणि मात्रा असे दोन वर्ण येतात, आणि ‘आहे’ मधला आ हा ‘अ’ व काना यांचा बनतो. पुष्कळ फाँटांत हे अगदी बरोबर दिसते. म्हणून रूपांतरानंतर ‘शोधा आणि बदला’ वापरून ‘अ’ व काना यांच्या जागी आ, त्यानंतर काना व मात्रा यांच्या जागी ‘ो’ आणि काना व दोन मात्रा यांच्या जागी ‘ौ’ असे बदल सबंध फायलीत करावेत. मराठीत काना आणि त्यावर वेगळी मात्रा असा क्रम कधीच शुद्ध नसतो, त्यामुळे हे बदल डोळे मिटून करता येतात. कोलनच्या जागी विसर्ग घालताना मात्र तसे करू नये, कारण खरे कोलनही बदलले जातील. ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘दु:ख’, ‘अंत:’ असा एकेक शब्द घेऊन बदल करावा.

पीडीएफवर विसंबून मूळ फाइल टाकून देणे ही चूक मी अनेक संस्थांत पाहिली आहे. पीडीएफ कागदासारखी असते. तिच्यात आकार व त्यांच्या जागा निश्चित असतात, पण त्या आकारांमागचे क्रमांक नीट नोंदलेले असतीलच असे नाही, आणि जोडाक्षरांच्या बाबतीत ते हमखास विस्कटतात. छपाईला पीडीएफ द्यावी, पण साठवणीसाठी युनिकोडमधली मूळ फाइलही ठेवावी.

ज्यांना संस्थेचे संदेश पाठवावे लागतात त्यांच्यासाठी एक छोटी गोष्ट. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, मराठीत सहसा ७० वर्ण, आणि तेही काना-मात्रा-हलन्त मोजून. ‘स्त्री’ तिथे सहा जागा घेते. सभेची सूचना सत्तराच्या आत बसते का ते आधी मोजावे, नाहीतर दोन संदेशांचा खर्च येतो.

सुरुवात करायची असेल तर आपल्याच संगणकावरची सर्वांत मोठी मराठी फाइल उघडावी आणि तिच्यात क्रमाने चार गोष्टी शोधाव्यात: ‘स्वत’ या शब्दापुढे कोलन, ‘अ’ पुढे काना, ‘अ’ वर वेगळा दिलेला चंद्र आणि काना व मात्रा यांची जोडी. दुसरी आणि चौथी आढळली तर सबंध फायलीत एकदम बदलावी, पहिली आणि तिसरी एकेक शब्द पाहून बदलावी. मग फाइल नव्या नावाने जतन करून, जुनी तिच्या शेजारी राहू द्यावी.